मावळातली कुत्री एकमेकांवर का धावतात?

कुत्रा दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर का जातो आणि त्याला आवरायचं कसं, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर भरपूर लिहिलं गेलं. त्या बहुतेक लिखाणात मालकाच्या हातात पट्टा असतो, पट्ट्याला एक कुत्रा असतो आणि समोरून तसाच दुसरा मालक दुसरा कुत्रा घेऊन येत असतो. मावळातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत असं दृश्य क्वचितच दिसतं. (वेल्हे तालुक्याला सरकारी कागदांवर आता राजगड म्हणतात, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) नसरापूरच्या पेठेत, कापूरहोळच्या चौकात, वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर किंवा पानशेतला धरणाकाठच्या टपऱ्यांपाशी जी कुत्री असतात, त्यांच्या गळ्यात बहुधा काहीच नसतं. तीन घरी भाकरीचा तुकडा खाऊन चौथ्याच्या पडवीत झोपणारा कुत्रा कुणाचा, असं विचारलं तर "आमचाच म्हणायचा" असं उत्तर येतं. तो पाळलेलाही असतो आणि मोकाटही. पुस्तकातला सल्ला त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण तो सल्ला ज्याला उद्देशून लिहिला त्या पट्टाधारी मालकाचाच इथे पत्ता नसतो.

या दोन तालुक्यांत आज निरनिराळ्या तऱ्हांची कुत्री समोरासमोर येतात. पहिली म्हणजे ही वाडीवस्तीवरची गावठी कुत्री. मग धनगरांची: डोंगरमाथ्यावर म्हशी राखणाऱ्या गवळी धनगरांच्या घरची, आणि दरसाल मेंढ्यांबरोबर येऊन पुढे कोकणात उतरणारी. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या काठांनी आणि रस्त्यालगतच्या जमिनींवर फार्महाऊस उभी राहिली, तिथे अल्सेशियन, लॅब्रेडोर, रॉटवायलर आले. मालक शनिवार-रविवारी येतो, बाकीचे पाच दिवस कुत्रा राखणदाराच्या हवाली असतो. याशिवाय कुणीतरी शहरातून गाडीत घालून आणलेली आणि घाटात सोडून दिलेली कुत्री असतात. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पाहुण्यांच्या मागे गड चढणारी कुत्री ही आणखी एक जमात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इथल्या बहुतेक भांडणांचं मूळ कुत्र्याच्या स्वभावात कमी आणि माणसाने घडवून आणलेल्या गाठींमध्ये जास्त आहे. कुठे खरकटं टाकलं, कुणाला कुठे बांधलं, पिल्लू कधी उचललं, कुठल्या रात्री दार उघडं ठेवलं, यावर भांडण होणार की टळणार हे पुष्कळदा ठरून जातं. कुत्र्याला शिकवण्याला महत्त्व आहेच, पण ते नंतर.

भांडणांचा हंगाम कुठला हे मराठी माणसाला पाठ आहे. भाद्रपदातली कुत्री हा वाक्प्रचार उगीच पडलेला नाही. पश्चिम बंगालमध्ये कटवा गावात सुनील कुमार पाल यांनी मोकळ्या कुत्र्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यांचा १९९८ सालचा निबंध कुत्र्यांमधली भांडणं ऋतू, लिंग आणि वय यांप्रमाणे कशी बदलतात यावर आहे. पावसाळा संपत येण्याचे दिवस हा तिथल्या कुत्र्यांचा मुख्य माजाचा काळ. आपल्याकडेही तेच दिसतं. एक कुत्री माजावर आली की शेजारच्या तीन-चार वाड्यांतले नर गोळा होतात. ते एरवी आपापल्या हद्दीत राहून लांबूनच एकमेकांवर भुंकत असतात. आता हद्दी मोडतात आणि लचके तुटतात. कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे टिकतो. एवढे दिवस आपली कुत्री बंद खोलीत आणि आपला नर रात्री तरी आत ठेवला, तर गावातल्या वर्षभराच्या जखमांचा मोठा वाटा वाचू शकतो. हा उपाय बिनखर्चाचा आहे, पण तो नेमका भातकापणीआधीच्या धांदलीत करावा लागतो, म्हणून राहून जातो.

गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात फळलेली कुत्री कार्तिकाच्या सुमाराला पेंढ्याच्या गंजीखाली किंवा पडक्या गोठ्यात वितात. व्यालेली कुत्री पिल्लांजवळ परक्या कुत्र्याला फिरकू देत नाही. एरवी शेपूट घालून राहणारी कुत्रीसुद्धा त्या दिवसांत थेट नरडीला जाते. आणि याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, फलटण, खंडाळा, बारामतीकडचे मेंढपाळ वाडे (मेंढ्या आणि बिऱ्हाडाचे तांडे) घेऊन भोरमार्गे वरंधा घाटाकडे निघतात. गावाची कुत्री सर्वांत हळवी असण्याचा आणि परक्या कुत्र्यांची रांग गावातून जाण्याचा मुहूर्त एकच पडतो. त्याविषयी पुढे येईलच.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मोकळ्या कुत्र्यांचं बहुतेक भांडण हे आवाजाचं असतं. दात विचकणं, गुरगुरणं, पाठीवरचे केस फुलवणं, दोन पावलं पुढे आणि तीन मागे; यातून प्रकरण मिटतं. दोघांनाही जखम परवडत नाही. रोमच्या परिसरातल्या मोकाट कुत्र्यांवर रॉबेर्तो बोनान्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांना असं आढळलं की दोन टोळ्या समोर आल्या की कुत्री संख्येचा अंदाज घेतात आणि आपल्या बाजूला जास्त असली तर चाल करून जाण्याची शक्यता वाढते. वाडीच्या पाच कुत्र्यांसमोर एकट्याने पट्ट्याला बांधून नेलेल्या लॅब्रेडोरचं काय होतं, ते यावरून कळतं. पाचांना आपलं बळ दिसतं आणि एकाला पळता येत नाही. मग तो लॅब्रेडोर आधीच भुंकून घेतो, मालकाला वाटतं आपला कुत्रा भांडखोर आहे.

पट्ट्याचा हा परिणाम पुस्तकांनी नीट ओळखलेला आहे. मोकळा कुत्रा दुसऱ्याकडे सरळ रेषेत जात नाही. वळसा घेतो, मध्येच जमीन हुंगतो, बाजू वळवतो आणि मग मागून वास घेतो. पट्ट्यावरच्या कुत्र्याला अरुंद गल्लीतून नाकासमोर चालावं लागतं, आणि कुत्र्यांच्या रिवाजात नाकासमोर चालत येणं म्हणजे आव्हान. मालकाने घाबरून पट्टा ताणला की कुत्र्याची मान आणि छाती वर उचलली जाते, तोही आव्हानाचाच पवित्रा. शेपूट हलते आहे म्हणजे मैत्री, हा समजही सोडायला हवा. ताठ उभी, वरच्या वर थरथरणारी शेपूट, मिटलेलं तोंड, न हलणारे डोळे आणि पुढे झुकलेलं अंग एकत्र दिसलं तर हातात दोन-तीन सेकंदच असतात. सैल कंबर, उघडं तोंड, पुढचे पाय खाली टाकून वर केलेलं ढुंगण हे खेळाचं आमंत्रण. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये, हा तर या विषयातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला. गुरगुरणं ही सूचना असते. ती मार देऊन बंद पाडली तर राग तसाच राहतो आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो.

परक्या कुत्र्याशी वागायचं कसं हे पिल्लू केव्हा शिकतं, याचं उत्तर अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी शोधलं. त्यांचं पुस्तक १९६५ सालचं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं. नंतर भेटलेल्याची भीती वाटू लागते. वाडीतल्या पिल्लाला ही शाळा फुकट मिळते. आई, भावंडं, शेजारची कुत्री, शेळ्या, कोंबड्या, एसटी, वरात असं सगळं त्याला चौदा आठवड्यांत भेटून जातं. मात्र जगणं मोठं कठीण. आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने बंगालमधल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला, तेव्हा सात महिन्यांपर्यंत १९ टक्केच उरली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्के माणसांमुळे झालेले होते. जी उरतात ती मात्र कुत्र्यांच्या समाजात वागायला पक्की तयार असतात.

फार्महाऊसच्या पिल्लाचं उलटं. ते पाच-सहा आठवड्यांचं असताना आईपासून तोडून विकलेलं असतं. पुढचे दोन महिने लस पूर्ण होईपर्यंत बाहेर नको म्हणून कुंपणात, आणि त्यानंतर राखण करायची म्हणून कुंपणातच. परका कुत्रा त्याला दिसतो तो जाळीच्या पलीकडून. जाळीजवळ धावून भुंकलं की पलीकडचा कुत्रा निघून जातो. तो आपल्या वाटेने जात असतो, पण आतल्याला वाटतं आपण त्याला हाकललं. हे दिवसातून दहा वेळा, वर्षभर चालतं. मग एखाद्या रविवारी पाहुण्यांकडून फाटक उघडं राहतं आणि गावातल्या कुठल्यातरी मोत्याचा कान फाटतो. त्या कुत्र्याला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही. त्याला रोज सराव दिला गेला होता. जाळीच्या खालच्या चार फुटांना शेडनेट, पत्रा किंवा दाट झुडपांची आडोशाची भिंत केली की निम्मा सराव बंद होतो. राखणीला फरक पडत नाही, कारण कुत्रा आवाज आणि वास यांवर राखण करतो.

साखळीचं प्रकरण आणखी अवघड. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा मार्ग नसतो, म्हणून तो लढण्याचा मार्ग घेतो. डेन्व्हरमध्ये झालेल्या आणि १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात माणसांना चावलेली कुत्री अंगणात साखळीने बांधलेली असण्याचं प्रमाण न चावलेल्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. ते माणसांना चावण्याबद्दल होतं, पण कुत्र्यांच्या बाबतीत तर्क तोच लागतो. मग मोकळं सोडावं? इथे वेल्ह्यातला माणूस हसेल. बिबट्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. सह्याद्रीच्या या पट्ट्यात अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. मोकळा सोडला तर रात्रभर हद्दीवर मारामाऱ्या, बांधला तर बिबट्या. यातून माझ्या मते एकच वाट निघते. दिवसा मोकळा किंवा लांब दोरावर ठेवावा, आणि दिवेलागणीनंतर वर छप्पर असलेल्या जाळीच्या खोपटात किंवा गोठ्याच्या आत घ्यावा. आत घेण्याची वेळ ठरलेली असली आणि त्या वेळेला भाकरी आतच मिळत असली की कुत्रा आपण होऊन येतो.

बिबट्यासाठी गळ्यात बसवलेला खिळ्यांचा पट्टा अनेक ठिकाणी दिसतो. त्याचा उपयोग आहे. पण दोन कुत्री गुंतली तर त्याच खिळ्यांनी दुसऱ्याचं तोंड फाटतं आणि सोडवायला गेलेल्या माणसाची बोटंही. असा पट्टा रात्रीपुरता ठेवावा.

आता काठीविषयी. कुत्रा दुसऱ्यावर धावला की त्याला झोडपायचं, हा आपल्याकडचा सार्वत्रिक इलाज. शहरात तोच इलाज इंग्रजी शिकून आला आणि मालकाने कुत्र्याला उताणा पाडून 'मुख्य कोण' ते दाखवावं, असं शिकवू लागला. त्यामागचा सिद्धांत रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ साली मांडलेल्या निरीक्षणातून निघाला. अनोळखी लांडगे एका पिंजऱ्यात कोंडले तर ते भांडणारच. तो विचार १९७० च्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांबद्दल लिहिताना तो दुरुस्त केला. रानातली टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेघन हेरन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४० मालकांकडून माहिती घेतली. मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर उलटून आक्रमक होणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण ४३ टक्के होतं, उताणं पाडल्यावर ३१ टक्के. दुसरा कुत्रा दिसला की पाठीत काठी बसते, हे चार वेळा झालं की कुत्र्याच्या मनात दुसरा कुत्रा आणि वेदना यांची गाठ बसते. पाचव्या वेळी तो आणखी लांबून धावतो. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचंही तेच.

उलटी गाठ बांधणं हा आजचा मान्य मार्ग. दुसरा कुत्रा दिसला की काहीतरी चांगलं घडतं, एवढंच शिकवायचं. सांगायला सोपं, करायला चिकाटी लागते. सारी गोम अंतरात आहे. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, ज्याच्या पलीकडे दुसरा कुत्रा दिसला तरी तो खाऊ शकतो, मालकाचं ऐकू शकतो. त्याच्या आत आला की कान बंद होतात. कुणाचं ते अंतर २० फूट, कुणाचं २०० फूट. शहरातल्या मालकाला २०० फूट मिळत नाहीत. भोर-वेल्ह्यात ते विनासायास मिळतात. भात कापून झालं की रिकामी खाचरं हे या कामाचं उत्तम मैदान. एका कुत्र्याला एका बांधावर धरायचं, दुसरा शांत कुत्रा चार खाचरं पलीकडच्या बांधावर. दोन्ही माणसांनी एकाच दिशेने, समांतर, रमतगमत चालायचं. आपल्या कुत्र्याने तिकडे पाहिलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या काळजाचा तुकडा. पाहिलं, खाल्लं, चाललं. पाच-दहा मिनिटांत संपवायचं. काही दिवसांनी एक खाचर कमी. कुत्रा ताठला तर एक खाचर पुन्हा वाढवायचं, रागवायचं नाही. समोरासमोर आणण्याची घाई हाच बहुतेकांचा घोटाळा. महिना चांगला जातो आणि मग कुणीतरी म्हणतं, 'आता भेटवून बघू या'.

या रीतीचे निरनिराळे पंथ आहेत. लेस्ली मॅकडेव्हिट यांच्या पद्धतीत कुत्र्याने दुसऱ्याकडे बघण्यालाच बक्षीस असतं. ग्रिशा स्ट्युअर्ट बक्षीस म्हणून खाऊपेक्षा दूर जाण्याची मुभा देतात. भित्र्या कुत्र्याला दुसरी अधिक लागू पडते, कारण त्याला मुळात हवं असतं ते अंतरच. जो माज किंवा मस्तीने अंगावर जातो त्याला पहिली. सगळ्यांचा पाया एकच, म्हणून पंथावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

तोंडाला मुसकं बांधायचं असेल तर जाळीचं, ज्यातून जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील असं घ्यावं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच त्याचं अंग निवतं. तोंड गच्च आवळणारी कापडी पट्टी दवाखान्यातल्या दोन मिनिटांपुरती ठीक, चैत्र-वैशाखात रस्त्यावर ती जीवघेणी. मुसक्यात तुकडे टाकून ते आधी आठ-पंधरा दिवस घरातच चढवावं.

एकाच घरातली दोन कुत्री भांडतात, हा प्रकार वेगळा. त्यात हद्दीचा प्रश्न नसतो, वाटणीचा असतो. टफ्ट्स विद्यापीठात अशा ३८ जोड्या तपासल्या तेव्हा बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, माद्यांचं प्रमाण मोठं होतं आणि कुरापत काढणारा पुष्कळदा नंतर आलेला किंवा लहान होता. गावाकडे दोन बहिणी पिल्लं सोबत म्हणून ठेवतात आणि दीड-दोन वर्षांनी त्या एकमेकींच्या जिवावर उठतात, ते याच जातीचं. उपाय साधे आहेत. दोघींना खायला वेगळ्या जागी, मध्ये भिंत असताना द्यावं आणि हाडं अंगणात टाकू नयेत. मालक घरी आला, फाटक उघडलं, पाहुणे आले या तीन क्षणी एक आत असावी. ज्या माद्यांनी एकमेकींना खोल जखमा केल्या आहेत त्या बहुधा पुन्हा बिनधोक एकत्र राहत नाहीत. एक दुसऱ्या घरी द्यावी. यात कमीपणा नाही.

खच्चीकरणाने भांडणं थांबतात का? अर्धं उत्तर हो. १९७६ सालच्या हॉपकिन्स, शूबर्ट आणि हार्ट यांच्या अभ्यासात खच्ची केलेल्या नरांपैकी ९० टक्क्यांचं भटकणं आणि सुमारे ६२ टक्क्यांची इतर नरांशी भांडणं कमी झाली. पुढच्या अभ्यासांत आकडे इतके गोड आले नाहीत. माजामागे धावणाऱ्या नराला फायदा होतो, भीतीपोटी भुंकणाऱ्याला होत नाही, क्वचित भीती वाढते. भोर-वेल्ह्याच्या मोकळ्या कुत्र्यांचा विचार केला तर मला माद्यांच्या शस्त्रक्रियेचं महत्त्व जास्त वाटतं. वाडीत एकही मादी माजावर आली नाही तर भाद्रपदच येत नाही.

हे काम कायद्याने स्थानिक संस्थेचं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्यांना पकडलं तिथेच परत सोडायचं असतं, आणि यातून ग्रामपंचायत सुटत नाही. प्रत्यक्षात विखुरलेल्या डोंगरी वाड्यांपर्यंत शस्त्रक्रियेची सोय न्यायची म्हणजे पैसा, गाडी आणि डॉक्टर या तिन्हींची ओढाताण. परत तिथेच सोडण्यामागे दयेपेक्षा हिशेब अधिक आहे. एका जागेची कुत्री उचलली की शेजारची येतात, आणि हद्दी नव्याने ठरेपर्यंत रोज मारामाऱ्या होतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून परत तिथे सोडू नयेत असं सांगितलं. मुलं आणि रुग्ण यांचा विचार करता ते समजण्यासारखं आहे. पण ती निवाऱ्यात ठेवण्याऐवजी रात्री घाटात नेऊन सोडली, तर एसटी थांब्यावरचं भांडण फक्त वरंध्याच्या वळणावर जातं. आवार मोकळं ठेवायचं तर आधी तिथला उकिरडा आणि वडापावच्या गाडीमागचं खरकटं हटवावं लागेल.

आता मेंढपाळांकडे. या सगळ्या विषयात शिकण्यासारखं सर्वांत जास्त मला त्यांच्यापाशी दिसतं. वाडा गावाबाहेरच्या शेतात उतरतो, मेंढ्या शेतात बसवल्या जातात, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. रात्री मेंढ्यांभोवती वाघर (जाळीचं कुंपण) लागते आणि बाहेर कुत्री. ही कुत्री मेंढ्या हाकत नाहीत, ते मेंढपाळ आपल्या हाळीने करतो. त्यांचं काम लांडगा, बिबट्या, चोर आणि परकं कुत्रं यांना दूर ठेवणं. बिऱ्हाड हलताना घोड्याच्या पाठीवर कोकरं, कोंबड्या आणि कुत्र्याची पिल्लं एकत्र बांधलेली दिसतात. ती शोभा मानून लोक फोटो काढतात. खरं तर तिथे कुत्र्याचं शिक्षण चाललेलं असतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत राखणदार कुत्र्यांवर काम करून जे मांडलं ते हेच, की पिल्लू त्या कोवळ्या आठवड्यांत मेंढ्यांत वाढलं तर मेंढ्या त्याचं गणगोत होतात. त्याची दुसरी बाजू अशी की जे त्या गणगोतात नाही ते परकं, आणि परक्या कुत्र्यावर धावून जाणं ही त्याची नोकरी.

म्हणजे ज्या गुणाला फार्महाऊसवाला आजार समजून इलाज विचारतो, तोच गुण मेंढपाळाने मुद्दाम राखलेला असतो. तो त्याला मोडत नाही, वळण देतो. कुत्री गावातून जाताना मेंढ्यांच्या किंवा घोड्यांच्या लगत, माणसाच्या काठीच्या टप्प्यात चालतात, काही दोरीने घोड्यालाच बांधलेली. गावातलं कुत्रं भुंकत आलं तरी वाडा थांबत नाही. चालतं राहणं हे मोठं शहाणपण आहे, कारण कुत्र्यांची बाचाबाची थांबलेल्या जागी पेटते. मुक्काम वस्तीपासून लांब आणि थोड्याच रात्रींचा, म्हणून जागेवरून कायमची हद्द मांडली जात नाही. राहतो तो शेतकऱ्याचा भाग. ज्या रात्री आपल्या रानात वाडा बसला आहे, त्या रात्री आपला कुत्रा आत घ्यावा आणि व्यालेली कुत्री रस्त्यालगत असेल तर पिल्लांसह परड्यात हलवावी. गावात हे जुन्या माणसांना माहीत असतं. नव्याने जमीन घेतलेल्यांना कुणी सांगत नाही.

झुंज लागलीच तर हात मध्ये घालू नये. गळपट्टा धरून ओढणं हा चावा घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग, कारण कुत्र्याला त्या भरात हात कुणाचा ते कळत नाही. बादलीभर पाणी तोंडावर मारावं, पत्रा वाजवावा, मध्ये पाटी, फळी किंवा घोंगडी घालावी. तरी सुटली नाहीत आणि दोन माणसं असली, तर दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांडीजवळ धरून मागे खेचत अर्धगोल फिरावं. दात रुतलेले असताना ओढलं तर मांस फाटतं, तेव्हा पकड सैल होताच खेचावं.

सुळ्याची जखम फसवी असते. बाहेर हरभऱ्याएवढं भोक, आत कातडी आणि मांस सुटून पिशवी झालेली. दोन-चार दिवसांत तिथे पू साठतो. स्वच्छ पाण्याने खूप धुवावं, केस कापावेत, पोव्हिडोन आयोडीन लावावं, हळद-तेलाने भोक बुजवू नये. मानेवर किंवा छातीवर जखम असेल तर दवाखाना त्याच दिवशी. वेल्ह्याच्या पावसात उघड्या जखमेत अळ्या पडायला दोन दिवस लागत नाहीत. सीताफळाचा पाला ठेचून लावण्याची रीत जुनी आहे, पण अळ्या खोल गेल्या की त्या डॉक्टरांनीच काढाव्यात. पशुसंवर्धन खात्याची फिरती पथकं १९६२ या क्रमांकावर मिळतात.

आणि रेबीज. जो कुत्रा काल शांत होता आणि आज कारण नसताना दिसेल त्या कुत्र्याला चावत सुटला आहे, त्याला शिकवायला जाऊ नये. लाळ, बदललेला आवाज, लटकलेला जबडा, काठी-दगड काहीही चावणं ही लक्षणं दिसायला लागल्यावर कुत्रा बहुधा दहा दिवसांच्या आत मरतो. अशा कुत्र्याने आपल्या कुत्र्याला ओरबाडलं असेल तर आधीची लस झालेली असली तरी लगेच दवाखान्यात नेऊन पुढची मात्रा द्यावी. सोडवताना माणसाला दात लागला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावं आणि लस त्याच दिवशी सुरू करावी. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते मागून घ्यावं.

जातीवर बंदी घालून प्रश्न सुटतो का, याची चर्चा मार्च २०२४ मध्ये झाली. केंद्राने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींची पैदास आणि विक्री रोखायला राज्यांना पत्र लिहिलं, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मोठ्या जबड्याची इजा मोठी, एवढं खरं. पण या तालुक्यांत कान फाटतात ते बहुतेक गावठी कुत्र्यांनी गावठी कुत्र्यांचे. कायद्यातलं उपयोगी हत्यार दुसरंच आहे. निष्काळजीपणे जनावर मोकळं सोडून माणसाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, आणि मौजेसाठी कुत्री झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. पोरांनी दोन कुत्र्यांना 'छू' करून मोबाइलवर चित्रण करणं त्यातच मोडतं.

शेवटी गडांवरची कुत्री. गुंजवण्यातून राजगड चढणाऱ्यांच्या मागे पायथ्याचा एखादा कुत्रा बिस्किटांच्या आशेने निघतो. चोर दरवाजापर्यंत त्याचं राज्य असतं. वर गेल्यावर गडावरच्या कुत्र्यांशी पहिली चकमक. तिथून मंडळी पाली दरवाजाने उतरली किंवा संजीवनी माचीवरून तोरण्याकडे वळली तर तो परक्या हद्दीत आणखी आत ओढला जातो. पलीकडे उतरल्यावर मंडळी जीपमध्ये बसून निघून जातात आणि कुत्रा अनोळखी गावात पाच-सहा कुत्र्यांच्या घोळक्यात एकटा उरतो. चढाईच्या सुरुवातीला बिस्किट देऊ नये, द्यायचंच तर परत पायथ्याला आल्यावर द्यावं. वाटेत तो मागे लागलाच आणि आपण दुसऱ्या बाजूने उतरणार असू, तर गडावरून गुंजवण्याकडे उतरणाऱ्या एखाद्या गटाच्या हाती बिस्किटाचा पुडा देऊन कुत्रा त्यांच्या मागे लावून द्यावा. तेही जमलं नाही तर परतीची जीप गुंजवण्यावरून वळवून त्याला सोडावं, भाडं थोडं वाढेल.